पुण्याची वेल

गेल्या शनिवारी पासलीला गेलो होतो, मामाकडे. ज्यांना पासली माहीत नाही त्यांच्यासाठी: सातारा रस्त्याने चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे गाठायचं, तोरण्याकडे बघून 'पुढच्या वेळी नक्की चढू' असं दरवर्षीप्रमाणे म्हणायचं आणि केळदच्या रस्त्याला लागायचं. मढे घाटाचा धबधबा बघायला जाणारी मंडळी पासलीवरूनच जातात. थांबत कुणी नाही. (तालुक्याचं नाव आता वेल्ह्याचं बदलून राजगड झालंय, पण मामा अजून वेल्हेच म्हणतो. आणि वेल्हे या नावाचा वेलीशी काही संबंध आहे का, हेही मी त्याला विचारून घेतलंय. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.)

मामी वरच्या अंगाला नाचणीत होती, हातात खुरपं. सप्टेंबर संपत आलेला. म्हटलं, बेणणी तर कधीच उरकते ना? असं आपलं शहाण्यासारखं विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. नाचणीचं एक ठोंब हातात धरून दाखवलं. चार-पाच ताटं एकमेकांना जुड्यासारखी बांधलेली, कणसं खाली वाकलेली, आणि बांधायची दोरी म्हणजे एक हिरवी, केसाळ देठाची वेल. बदामाच्या आकाराची पानं आणि वर एक जांभळं, नरसाळ्यासारखं, खरोखर सुंदर फूल.

"ही बघ तुझी पुन्याची येल," मामी म्हणाली.

तर हा लेख त्या 'तुझी' बद्दल आहे.

झालं असं की २०२१ च्या पावसाळ्यात ऑफिस बंदच होतं, तेव्हा मी पासलीला राहिलो होतो. नेटवर्क फक्त देवळाच्या ओट्यावर यायचं, त्यामुळे रोजचा स्टँडअप मी देवासमोर द्यायचो. काम कमी, वेळ भरपूर आणि समोर मामीचं कुंपण. निरगुडीचं, मध्ये मध्ये एरंड, अधूनमधून तुटलेल्या तारा. माझ्या शहरी डोळ्यांना ते ओकंबोकं वाटलं. जाताना पुण्याहून ऑनलाइन मागवलेलं बियांचं एक पाकीट नेलं होतं, 'मॉर्निंग ग्लोरी, मिक्स्ड कलर्स', वीस-पंचवीस बिया. रात्रभर पाण्यात भिजवल्या, जूनमध्ये कुंपणाच्या कडेने टोचल्या. गणपती होऊन गेले आणि कुंपण असं काही फुललं की मीच चाट पडलो. जांभळी, गुलाबी, पांढरी. सकाळी धुक्यात उघडायची, दुपारपर्यंत मिटून जायची. फोटो काढले, टाकले, लोकांनी वा वा केलं. मामीनेही देवाला वाहिली.

पावसाळा सरला, वेली वाळल्या, मी पुण्याला आलो. माझ्यापुरता विषय संपला. पाकिटावर लिहिलंच होतं की ही वार्षिक वेल आहे म्हणून.

'वार्षिक' या शब्दाइतका फसवा शब्द मी बागकामात दुसरा पाहिलेला नाही. आपल्याला वाटतं वार्षिक म्हणजे एक वर्ष राहणार आणि जाणार, मोबाइलच्या प्लॅनसारखं. प्रत्यक्षात वार्षिक म्हणजे जिला जगायला एकच पावसाळा आहे आणि म्हणून जिचा सगळा जीव बिया करण्यात आहे अशी वनस्पती. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस मरते, पण मरता मरता शेकडो जॉब शेड्यूल करून जाते आणि त्यातला कुठला कधी चालू होणार याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नसते.

परवा मी मामीच्या कुंपणावरच्या एकाच वेलीची बोंडं मोजायला घेतली. २१२ ला कंटाळून थांबलो. एका बोंडात तीन कप्पे, सगळे नीट भरले तर सहा बिया. आता गंमत बघा. पाकिटावर सूचना असते ना, 'बी रात्रभर भिजवा किंवा टोक थोडं घासा'? ती कशासाठी? तर या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. आपण माळीबुवाच्या थाटात ते भिजवतो. शेतात पडलेल्या बीला कोण भिजवत बसणार? त्यातल्या काही पहिल्याच पावसात उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही आणखी काही वर्षांनी, कवच झिजेल तसतशा. म्हणजे यंदा मामीने एकूण एक वेल उपटली तरी पुढच्या जूनला मागच्या वर्षांचे हप्ते येतच राहणार. मी पाकिटाचे पैसे एकदाच दिले होते.

आणि वेळही कशी साधते! नाचणी जुलैत लावायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात कणसं भरायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी. वेल त्याच वेळी फुलते, त्याच वेळी तिची बोंडं वाळतात. कापणीला विळा लावला की बोंडं तिथल्या तिथे फुटतात. म्हणजे पेरणी माझी मामीच करते, मजुरी न घेता. भाताच्या खाचरात पाणी उभं असतं तिथे हिचं फारसं चालत नाही, पण पासलीसारख्या ठिकाणी नाचणी-वरई असते ती डोंगरउतारावर, आणि ती जमीन हिला बरोब्बर मानवते. ज्या अमेरिका खंडातून ही वेल आली तिथले शेतकरी मका, कापूस आणि सोयाबीनमध्ये हिच्याशी वर्षानुवर्षं झगडतायत. ग्लायफोसेटला दाद न देणाऱ्या हिच्या जाती तिथे संशोधकांनी अभ्यासल्या आहेत. जिला तणनाशक पुरं पडत नाही तिच्यासमोर मी मामीला खुरपं देऊन उभं केलंय.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण त्या कुंपणात मामीची करटोली असायची. ज्यांना माहीत नाही त्यांनी पावसाळ्यात मंडईत जाऊन भाव विचारावा, म्हणजे कळेल. करटोलीचा कंद जमिनीत असतो, दर पावसाळ्यात त्यातून वेल फुटते, कुंपणावर चढते. कुणी लावत नाही, कुणी खत घालत नाही. मामी ती तोडून वेल्ह्याच्या बाजारात विकायची आणि ते पैसे तिचे स्वतःचे असायचे. मामालाही त्याचा हिशोब विचारायची सोय नव्हती. :) त्याच कुंपणात श्रावणात कळलावी फुलायची, पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी. तिला आम्ही लहानपणी हात लावायला घाबरायचो, कारण आजी सांगायची विषारी आहे (आहेच). यंदा कुंपणावर बघितलं तर खालपासून वरपर्यंत बदामी पानांची गोधडी. तिच्याखाली करटोली हाताने चाचपून शोधावी लागली. अर्धा किलोसुद्धा निघाली नाहीत.

आता मूळ मुद्दा. मी हे सगळं घरातल्या घरात पश्चात्ताप म्हणून ठेवलं असतं. पण त्याच रविवारी ओळखीतल्या एकाचा फोन आला. त्याने त्या भागात जागा घेतली आहे, घर बांधून झालंय, भोवती तारेची जाळी आहे. म्हणाला, "अरे, तू मागे फोटो टाकला होतास ना, ती वेल कोणती? जाळी फार भकास दिसते, पटकन झाकायची आहे. शंभर मीटर आहे, किती पाकिटं लागतील?"

शंभर मीटर! माझी वीस बियांची करामत अजून निस्तरत नाहीये.

आणि तो काही एकटा नाही. चेलाडीपासून आत वळलं की दर दोन किलोमीटरला एक जाळी, एक गेट आणि गेटवर एक काव्यमय नाव दिसतं. जमीन विकली ती गावकऱ्यांनीच, आमच्या मामाच्या भावकीनेही विकली आहे, त्यामुळे 'शहरवाले आले आणि लुटून गेले' असली भाषा मी करणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्याला शनिवार-रविवारीच यायचं आहे त्याने अशी वेल लावू नये जिला सोमवार ते शुक्रवार दुसऱ्या कुणाला तरी उपटावं लागेल. फूल आपण बघणार, बोंड फुटणार ते आपण पुण्यात स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये असताना, आणि बी जाणार ते उताराच्या पाण्याबरोबर खालच्या वावरात. खालचं वावर आपलं नाही. आपल्या जाळीला भोकं असतात हे आपण विसरतो.

लगेच 'एवढ्याशा वेलीने काय होतंय' असं म्हणणारे आहेतच. त्यांनी जरा आजूबाजूला बघावं. मुळा-मुठेत दरवर्षी जी जलपर्णी साचते, जिच्यापायी औंध-पाषाणची माणसं डासांच्या नावाने बोंब मारतात, ती दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठी. डोंगरभर माजलेली घाणेरी त्याच शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून लावली गेली. ओढ्याकाठी, तळ्याकाठी वाढणारा बेशरम हा तर मॉर्निंग ग्लोरीचा सख्खा चुलतभाऊ, आयपोमियाच. तोही कुणीतरी कुंपणाला आणि शोभेला म्हणून आणला. पुढे लोकांना त्याचं नाव 'बेशरम' ठेवावं लागलं, यातच सगळं आलं. गाजरगवताचं निदान एवढं तरी बरं की ते चुकून आलं, १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा डोळ्यात भरलं, आणि ते कुणी हौसेने लावलं नव्हतं. बाकीची सगळी हौसेची पिल्लं.

हे जुनं झालं म्हणाल तर आत्ताचंही सांगतो. येत्या ऑक्टोबरात पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जा. पिवळ्या-केशरी फुलांची पखरण दिसेल, लोक त्यात बसून फोटो काढतायत. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा, बागेतून सुटलेला. तोही वार्षिकच. त्याच्या दाटीखाली आपलं टेकडीवरचं गवत आणि पावसाळी रानफुलं दबून जातात, पण ते फोटोत येत नाही.

आता एक आक्षेप खरा आहे आणि तो मला स्वतःलाच सतावतो. मी असं परदेशी-परदेशी काय लावलंय? नाचणी तरी कुठली? आफ्रिकेतून आलेली. मिरची, बटाटा, पेरू अमेरिकेतले. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे गणेशवेल. बारीक पिसासारखी पानं, लालभडक चांदणीसारखं फूल, ऐन गणपतीत फुलते, नावही गणेशवेल. माझी पैजेवर खात्री होती की ही शंभर टक्के आपली. ती निघाली उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची! तीही आयपोमियाच. मात्र इकडे येऊन इतकी जुनी झाली की अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात बसलेल्या विल्यम जोन्सने ती 'कामलता' या संस्कृत नावाने नोंदवली. आपण एखाद्याला आपलं म्हणायचं ठरवलं की देवाचं नावसुद्धा देऊन टाकतो. आणि वेल्ह्याच्या रस्त्याकडेला पावसाळ्याच्या शेवटी लाल पुंगळ्यांसारख्या फुलांची जी वेल झुडपांवर चढलेली दिसते, तीही तिकडचीच, सुटलेली.

म्हणून पासपोर्ट तपासून वेल लावा असं मी म्हणत नाही. तो वाद घालणारे घालोत. मी मामीकडून शिकलेला प्रश्न विचारतो: ही काढणार कोण? नाचणी कापून घरात येते, बी कणगीत जातं. मिरची खुडली जाते. ज्या वेलीचं फळ आपण खातो तिचं बी मोजलेलं असतं. पुढच्या वर्षासाठी चार शेंगा, एक दोडका वेलीवर वाळू द्यायचा, बाकी सगळं ताटात. मामीच्या घरात अशा बिया राखेत घोळून, चिंधीत बांधून आढ्याला टांगलेल्या असतात. तिच्या कुंपणावरून एकही दोडका डोंगर चढून गेल्याचं ऐकिवात नाही. मॉर्निंग ग्लोरीचं बी कुणी खात नाही, आणि खाऊही नये, पोटाला बाधतं. म्हणजे तिला आवर घालणारं आपल्या घरात कुणीच नाही.

'पण आम्हाला फुलं हवीत, भाजीपाला नको.' हे वाक्य मी तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा बोलणाऱ्याने पडवळाचं फूल कधी पाहिलेलं नव्हतं. पांढरंशुभ्र, पाकळ्यांच्या कडेला सुतासारखी झालर, संध्याकाळ झाली की उमलतं. एखाद्या जपानी कारागिराने कातरून ठेवल्यासारखं. दोडक्याचं पिवळं फूलही दिवस कलल्यावर उघडतं, म्हणजे ऑफिसातून उशिरा येणाऱ्यांसाठी खास. आणि वालपापडी! तिच्या जांभळ्या जातीचे देठ जांभळे, फुलांचे तुरे जांभळे, शेंगाही जांभळ्या, उन्हात चमकणाऱ्या. ही वेल अमेरिकेत लोक निव्वळ शोभेसाठी लावतात. थॉमस जेफरसनच्या माँटिचेलो इथल्या बागेत लाकडी मांडवावर हीच चढवलेली असते, आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. म्हणजे त्यांच्या परसातलं तण आपण पाकिटातून विकत आणायचं आणि आपल्या आजीच्या वालाच्या वेलीसमोर त्यांनी फोटो काढायचे. काय राव!

(वालसुद्धा मूळचा आफ्रिकेचा असं वाचलंय. आता बोला. पण शेंगा मामी तोडते, त्यामुळे वरच्या परीक्षेत तो पास.)

त्या ओळखीच्याला मी हेच सांगितलं. जाळीच्या कडेने जूनमध्ये वाल टोच, मधे दोडका आणि पडवळ टाक. वाल दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतो, तोवर दोडका-पडवळ चालू राहतील. शेंगा तुला पुण्याला न्यायच्या नसतील तर गावातल्या कुणालाही सांग, दारातून तोडून नेतील आणि वर तुला दुवा देतील. तो म्हणाला, "भाजीच्या वेलींनी फार्महाऊस गावठी दिसतं रे." मी म्हटलं, मग गावात कशाला घेतलंस? जरा जास्तच बोललो. दोन दिवस त्याचा मेसेज नव्हता.

बाल्कनीवाल्यांशी माझं अजिबात भांडण नाही. बाणेरच्या चौदाव्या मजल्यावर कुंडीत मॉर्निंग ग्लोरी लावा, खुशाल लावा. जपानमध्ये हिच्याच एका बहिणीचं, आसागाओचं, एदो काळापासून वेड आहे. टोकियोत इरिया इथे जुलैच्या सुरुवातीला तिचा बाजार भरतो, पहिलीतली पोरं शाळेत कुंडीत ती वाढवतात आणि सुट्टीत कुंडी घरी घेऊन जातात. कुंडीत, लक्षात घ्या. काठीला चढवलेली, डोळ्यासमोर. तुम्हीही तसंच करा. फूल वाळलं की मागचं बोंड हिरवं असतानाच खुडा आणि घरच्या कंपोस्टात किंवा कॉलनीच्या कचऱ्याच्या खड्ड्यात न टाकता थेट पिशवीत बांधून द्या. आणि जमलेल्या बिया प्रेमाने गावच्या मामीला भेट देऊ नका. तो प्रयोग मी करून बसलोय.

शनिवारी आम्ही तिघांनी, मामा, मामी आणि मी, सकाळी सातपासून दुपारपर्यंत वेली काढल्या. मॅनेजरने तेव्हाच दोनदा फोन केला, नेटवर्क नसल्याने लागला नाही, देव पावला. ओढून काढायला गेलं की वेल नाचणीचं ताटच मोडते, त्यामुळे आधी बुडाशी खुरप्याने तोडायची, मग पीळ उलटा सोडवत वर जायचं. एका ठोंबाला दोन-तीन मिनिटं. मी पाठ धरून बांधावर बसलो तेव्हा माझा दीड वाफा झाला होता. मामीचे पाच. "तुमच्या कंपनीत याला काय म्हनत्यात?" मामाने विचारलं. टेक्निकल डेट म्हणतात, मी म्हटलं. "मंजी कर्जच की," मामा म्हणाला. "मग फेड."

कुंपण पूर्ण राहिलंय, आणि त्याच्यावरची बोंडं अजून हिरवी आहेत. आठ-दहा दिवसांत वाळायला लागतील. म्हणून येत्या शनिवारी पुन्हा जातोय, या वेळी ऑफिसातले दोघं येतायत आणि तो जाळीवालाही येतो म्हणालाय (अखेर मेसेज आला). अजून कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला चेलाडी फाट्यावर चहाच्या टपरीपाशी या. खुरपी मामा देईल. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, खतांच्या रिकाम्या गोण्या मिळाल्या तर आणा, कारण तोडलेली बोंडं बांधावर टाकायची नाहीत, गोणीत भरून जाळायची आहेत. दुपारचं जेवण मामीकडे: नाचणीची भाकरी, आणि करटोली निघाली तर करटोली.

मामीने मला येताना कागदाच्या पुडीत वालाचं बी दिलंय, जाळीवाल्यासाठी. पुडीवर मामाने खडूने लिहिलंय, 'फुकट. शेंगा तोडाव्या.'